राखीव यंत्रांचा इतिहास: टेलिफोन एक्स्चेंज ते कॉल सेंटर

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सुकासुना गावी मे १९६५ मध्ये बेल कंपनीचे ‘वन ईएसएस’ हे एक्स्चेंज सुरू झाले. जुन्या यांत्रिक स्ट्राउजर एक्स्चेंजात कॉल जोडणारा एखादा सिलेक्टर अडकला, तर एखाददुसरा कॉल तुटे; बाकी गाव बोलत राही. इथे मात्र सारा कारभार एका प्रोसेसरच्या हाती होता. ४० वर्षांत सगळा मिळून फार तर दोन तास खंड पडावा, असे उद्दिष्ट ठेवले होते. त्या काळी ते धाडसाचेच म्हणायचे.

म्हणून प्रोसेसर दोन बसवले. दोघेही एकच काम एकाच वेळी करत आणि त्यांची उत्तरे सतत ताडून पाहिली जात. उत्तरे जुळली नाहीत की तपासणीचे प्रोग्रॅम चालत, दोषी प्रोसेसर बाजूला काढला जाई आणि टेलिप्रिंटरवर एक आकडा उमटे. तो आकडा जाडजूड सूचीत शोधायचा आणि तिथे दिलेले कार्ड बदलायचे, एवढेच तंत्रज्ञाचे काम.

कॉल सेंटरला अखंड सेवेची ही गरज विमान कंपन्यांमुळे जाणवली. रॉकवेलची ‘गॅलक्सी’ ही कॉल वाटून देणारी यंत्रणा १९७३ मध्ये कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सकडे बसली. तिकिटाचा कॉल तुटला की गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जाणार, हे उघड होते. पुढे १९७६ मध्ये टँडेम कंपनीचा ‘नॉनस्टॉप’ संगणक आला. त्यात राखीव प्रोसेसर रिकामा बसत नसे. स्वतःचे काम करता करता तो दुसऱ्याच्या कामाची ताजी नोंदही बाळगी.

यंत्राच्या बिघाडावर हा तोडगा उत्तम होता. प्रोग्रॅमच चुकला तर काय, याचा धडा १५ जानेवारी १९९० ला मिळाला. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या न्यूयॉर्कमधील एका स्विचने, म्हणजे एक्स्चेंजने, किरकोळ बिघाडानंतर स्वतःला पुन्हा सुरू केले आणि शेजारच्या स्विचांना तसे कळवले. एकापाठोपाठ आलेल्या संदेशांनी नव्या प्रोग्रॅममधली चूक उघडी पडली. राखीव प्रोसेसर पुढे आला, पण त्यातही तोच प्रोग्रॅम होता! बंद पडून सावरणारा प्रत्येक स्विच शेजाऱ्याला पाडत गेला. ११४ स्विचांचे हे जाळे सुमारे नऊ तास विस्कळीत राहिले.

एरिक्सनच्या प्रयोगशाळेत १९८६ च्या सुमारास आकाराला आलेल्या एरलँग या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने वेगळी वाट धरली होती. प्रोग्रॅममध्ये चुका राहणारच, असे गृहीत धरून तिने कामाचे लहान लहान तुकडे केले. पडलेला तुकडा तेवढा नव्याने उभा करायचा, बाकीच्यांना धक्का लावायचा नाही.

आजच्या कॉल सेंटरमध्ये कॉल वाटणारा, ध्वनिमुद्रण करणारा आणि माहिती साठवणारा असे सर्व्हर वेगवेगळे असतात. मुख्य आणि राखीव अशा दोन सर्व्हरांमधला दुवा तुटला तर दोघेही स्वतःलाच मुख्य समजू लागतात. म्हणून बहुमतासाठी तिसरा साक्षीदार ठेवतात. आवाज वेगळ्या वाटेने जात असेल, तर वाटप करणारा सर्व्हर पडूनही चालू संभाषण टिकू शकते. रांगेतल्या गिऱ्हाइकाचा क्रमांक मात्र केवळ त्या सर्व्हरच्या स्मृतीत असेल तर तो जातो. तोही सामाईक साठ्यात लिहून ठेवावा लागतो.