एक बारीक फाटा आणि नावांचा इतिहास

नाशिकला समुद्र नाही, पण माझ्या मायक्रोस्कोपखाली कोकणातले अँफिपॉड असतात. ओहोटीला खडकावरचं शेवाळ ट्रेमध्ये झटकलं की आडवे पडून सरपटणारे, काही मिलिमीटर लांबीचे, दोन्ही बाजूंनी चपटे जीव दिसतात ना, तेच.

पहिल्या वर्षी मी अशा एका नमुन्यावर 'हायेल' असं लेबल लावलं. चूक होती. शेपटीकडच्या शेवटच्या पायाला, म्हणजे तिसऱ्या युरोपॉडला, आतल्या बाजूने एक अगदी छोटा फाटा होता. तो असेल तर प्रजाती 'पारहायेल', नसेल तर 'हायेल'. आता तुम्ही विचाराल, हे ठरवलं कुणी? ओळखसूची वापरण्याआधी हा प्रश्न पडायलाच हवा.

अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स ड्वाइट डाना यांनी 1853 मध्ये हवाई बेटांवरच्या एका अँफिपॉडला 'ॲलोर्केस्टेस हवाईएन्सिस' म्हटलं. 1897 मध्ये इंग्लंडच्या स्टेबिंग यांनी 'पारहायेल' ही प्रजाती मांडली, आणि डानांचा जीव आज तिच्यात आहे. पुढे तो जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर नोंदला गेला. नावात हवाई, पत्ता कुठलाही!

आपल्याकडची सुरुवात जहाजावर झाली. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर 1880 च्या दशकात जी. एम. गाइल्स हे डॉक्टर होते. त्यांनी भारतीय समुद्रातल्या अँफिपॉडवर टिपणं लिहिली. पुढे चिल्का सरोवरातल्या नमुन्यांवर 1921 मध्ये लिहिलं न्यूझीलंडच्या चिल्टन यांनी. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या संग्रहावर 1935 मध्ये लिहिलं केपटाऊनच्या बर्नार्ड यांनी. म्हणजे किनारा आपला, पण ओळखणारे डोळे हजारो मैलांवर. 1959 मध्ये के. एन. नायर यांचं मद्रास किनाऱ्यावरच्या अँफिपॉडचं काम आलं, तेव्हा कुठे इथल्या विद्यार्थ्याला इथलं पुस्तक मिळालं.

गोष्ट तिथे संपत नाही. 2002 मध्ये बाउसफील्ड आणि हेन्ड्रिक्स यांनी हायेलच्या कुळाची फेरमांडणी केली आणि कित्येक जुन्या 'हायेल' नव्या प्रजातींत गेल्या. म्हणून 1959 च्या यादीतलं नाव जसंच्या तसं तुमच्या तक्त्यात उतरवू नका. ते आज कुठे आहे ते आधी शोधा.

2016 मध्ये पारहायेल हवाईएन्सिसचा जीनोम प्रसिद्ध झाला. पण तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या वाणाचा. आपल्या खडकावरचा जीव तोच आहे का, हे आपल्यालाच तपासावं लागतं. डीएनए करायचा असेल तर नमुने फॉर्मॅलिनमध्ये नको, 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. नर, मादी आणि पिल्लं सगळी घ्या, कारण बऱ्याच ओळखसूच्या प्रौढ नराच्या मोठ्या नांगीवर बेतलेल्या असतात. हातात नुसत्या माद्या असतील तर सूची अर्ध्या वाटेत थांबते.

आणि एक. ज्या नमुन्यावरून नाव दिलं, तो फेकू नका. लेबल लावून संग्रहात जमा करा. माझी चूक सापडली ती बाटली जपली होती म्हणूनच. नाव बदलू शकतं, नमुना असेल तर ते पुन्हा तपासता येतं. गाइल्सपासून नायरपर्यंतची साखळी अशाच जपलेल्या बाटल्यांवर उभी आहे. तुमची बाटली तिच्यातली पुढची.