काशीच्या वर्तमानपत्रातील मराठी हात

काशीस बदली झाल्याचे कळताच आप्तेष्ट एकच मागणी करतात : येताना गंगाजल आणा. पुढे कोणी पाहुणे येतात, दशाश्वमेध घाटावरील आरती भ्रमणध्वनीत टिपून घेतात आणि परततात. चित्रपटांतून आणि दूरचित्रवाणीवरून घरोघर पोचलेली काशी ती हीच. त्या चित्रात मराठी माणूस आलाच, तर तो पिंडदानास बसलेला यात्रेकरू असतो, नाही तर वेदपाठी ब्राह्मण. फार तर विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाईंचे स्मरण होते. हे चित्र खोटे नव्हे; पण ते अपुरे आहे. सकाळी चहाच्या दुकानातील बाकावर जे वर्तमानपत्र पडलेले असते, ते त्यात कोठेच दिसत नाही.

बाबूराव विष्णू पराडकर यांचा जन्म १८८३ साली काशीतील एका मराठी कुटुंबात झाला. बंगालीत ‘देशेर कथा’ हा ग्रंथ लिहून १९०४ साली खळबळ उडविणारे सखाराम गणेश देउस्कर हे त्यांचे मामा. त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद भाच्यानेच केला. १९०६ साली पराडकर कलकत्त्यास ‘हिंदी बंगवासी’त रुजू झाले. पुढे ‘हितवार्ता’ आणि ‘भारतमित्र’ या पत्रांत त्यांची लेखणी तयार झाली. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून १९१६ साली त्यांना अटक झाली आणि सुमारे चार वर्षे बंदिवासात गेली. १९२० साली सुटून ते काशीस परतले. त्याच वर्षी शिवप्रसाद गुप्त यांनी ‘आज’ हे दैनिक सुरू केले होते. पराडकर त्यात आले आणि पुढे त्याचे संपादक झाले. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने वृत्तपत्रांचा गळा आवळला, तेव्हा काशीतून गुप्तपणे निघणाऱ्या ‘रणभेरी’मागेही त्यांचा हात होता.

हा पराक्रम झाला. तथापि आम्हां कारकून मंडळींना त्यांची ओळख निराळ्याच वाटेने पटावी. नावामागील ‘मिस्टर’ काढून ‘श्री’ लिहिण्याची रीत, ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ हे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय पराडकरांना दिले जाते. कचेरीत हिंदी पत्राचा मसुदा करताना आपण रोज ‘श्री’ लिहितो. तो एका मराठी माणसाच्या टेबलावरून आला असेल, हे आपल्या गावीही नसते.

पराडकर एकटे नव्हते. काशीचेच लक्ष्मण नारायण गर्दे ‘भारतमित्र’चे संपादक झाले. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ व १९०७ साली नागपुराहून ‘हिंदी केसरी’ काढला. ज्या मुलखात राहिलो त्याच्या भाषेला आपल्या कष्टांचे देणे द्यावे, अशी ती पिढी होती.

१९२५ साली वृंदावनास भरलेल्या संपादक संमेलनाचे अध्यक्षपद पराडकरांकडे होते. वर्तमानपत्रे पुढे देखणी होतील, चित्रांनी सजतील, खपतीलही. पण ती धनवंतांच्या हाती जातील आणि त्यांतील प्राण व संपादकाचे स्वातंत्र्य उणावेल, अशा आशयाचा इशारा त्यांनी तेथे दिला. आज हातातल्या पडद्यावर काशीची सहस्र रंगीत चित्रे झरझर सरकताना पाहून तो इशारा आठवतो. चित्रे पुष्कळ झाली; मात्र गल्लीत पाणी का आले नाही, हे सांगणारा दुर्मिळ झाला.

माझा आठ वर्षांचा मुलगा आता घरातही हिंदीत बोलतो. परवा मी त्याला रागावलो. आणि रागावल्यावर ओशाळलो. पराडकरांनी आयुष्य हिंदीत वेचले, म्हणून ते आपल्याला परके झाले काय? मुळीच नाही. पण त्यांनी दुसरी भाषा नुसती उचलली नाही, तिला काही दिले. भय आहे ते आपल्यासारख्यांचे : मराठी विसरावयाची, हिंदी कामचलाऊ ठेवावयाची आणि बदलीच्या हुकुमाची वाट पाहत दोन्हीकडे पाहुणे म्हणून राहावयाचे.

पराडकर १९५५ साली निवर्तले. मैदागिनजवळ पत्रकारांच्या संघाची वास्तू त्यांच्या नावाने उभी आहे. पुढच्या वेळी पाहुणे आले म्हणजे आरतीपूर्वी त्यांना तेथे नेईन म्हणतो. मुलालाही बरोबर घेईन, आणि वाटेत पराडकरांची गोष्ट त्याला मराठीतच सांगेन.