दिवळी, जिना आणि चार धुराडी

"पाऊस कुठून येतो तिथे?" अप्पांनी फोनवर पहिलं हेच विचारलं.

मी जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या डेट्मेरोडे भागात, आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत मोजपट्टी घेऊन उभी होते. कठड्याला दोन सौर पॅनेल लागणार होती. आता इन्व्हर्टर बसवायची जागा ठरवायची होती.

"पश्चिमेकडून."

"मग तो कोपरा सोड. आणि ऊन?"

राजगुरुनगरला आमच्या घरात असे प्रश्न फार जुने आहेत. आजीच्या वाड्यात दिव्यासाठी भिंतीतच दिवळी असायची. मोठ्या माणसाचा हात पोचेल, रांगत्या पोराचा पोचणार नाही, इतक्या उंचीवर. दाराच्या रेषेत नाही, कारण वाऱ्याने ज्योत फडफडते. वर तुळई नाही. मागची भिंत काजळीने काळी झाली की शेणामातीने सारवायची. दिव्याची जागा भिंत बांधतानाच ठरलेली असे, मागाहून शोधावी लागत नसे. पुढे कंदील आला, त्याला ओसरीवर खुंटी मिळाली आणि रॉकेलचा डबा गेला परसदारी. उजेड घरात, पण त्याचं इंधन घराबाहेर, ही शिस्त आजीने वर्षानुवर्षं पाळली.

इन्व्हर्टर आला तेव्हा ती शिस्त मोडली. जून 2005 मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली, आणि त्याच काळात भारनियमन आमच्या तालुक्याच्या अंगवळणी पडलं. बसवायला आलेल्या माणसाने प्लगची सोय पाहून ट्रॉली माजघरात, देवघराच्या शेजारी ठेवली. दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, दोघांनी उचलावी लागेल एवढी जड. चार्ज होताना तिच्यातल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. आमच्याकडे हातभर अंतरावर रोज निरांजन लागत होतं. हे कुणी सांगितलं नाही. आजी मात्र म्हणायची, इथे बसलं की डोळे चुरचुरतात. डिस्टिल्ड वॉटर घालताना उडालेल्या थेंबांनी आईच्या साडीला भोकं पडली, तेव्हा अप्पांनी ट्रॉली अंगणाकडे उघड्या असलेल्या जिन्याखाली हलवली. छप्पर डोक्यावर, हवा तिन्ही बाजूंनी. वायर वाढवावी लागली, खर्च झाला. आजीचे डोळे चुरचुरायचे थांबले.

तेव्हा चाळीस किलोमीटरवरच्या पुण्यात निराळा प्रयोग चालू होता. 2006 मध्ये तिथल्या कारखान्यांनी जास्त मागणीच्या वेळी स्वतःची जनित्रं चालवून महावितरणवरचा भार हलका केला, त्याचा जादा खर्च वीजग्राहकांनी उचलला, आणि शहराचं भारनियमन टळलं. कारखान्याने शहराला वीज पुरवावी, ही कल्पना मला तेव्हा अपूर्व वाटली होती. नोकरीने मला इथे आणलं आणि दिसलं की हे अख्खं गावच तसं वसवलेलं आहे.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोक्सवागनच्या जुन्या वीजगृहाची चार धुराडी दिसतात. 1938 मध्ये 26 मे रोजी कारखान्याची पायाभरणी झाली, 1 जुलैला शहराची स्थापना. वीजगृहाची जागा विचार करून निवडलेली आहे. मिटेलांड कालव्याच्या अगदी काठावर, म्हणजे कोळसा बोटींनी यावा. कारखाना कालव्याच्या उत्तरेला, वास्तुविशारद पेटर कोलरने आखलेलं शहर दक्षिणेला, मध्ये पाणी. कारखान्याच्या वीजगृहांतली उष्णता नळांतून शहरातल्या घरांपर्यंत येते. माझ्या आजीला ही मांडणी लगेच कळली असती: ऊब घरात, कोळसा पलीकडे.

पण ही सुरक्षित जागा कुणासाठी होती, हे विचारल्याशिवाय मला त्या धुराड्यांकडे पाहवत नाही. युद्धकाळात या कारखान्यात सुमारे 20,000 माणसांना सक्तीने राबवलं गेलं. ती राहायची बराकींच्या छावण्यांत. शहरातल्या लागबर्ग भागात 1944 मध्ये नॉयनगामे छळछावणीची उपछावणी उघडली. त्याच वर्षी बॉम्ब पडले, कारखान्याचे मोठे भाग उद्ध्वस्त झाले आणि वीजगृह जवळजवळ शाबूत राहिलं. 2017 मध्ये लागबर्गला बांधकामासाठी खणताना त्या बराकींचे पाये वर आले. मी तिथे जाऊन आले. माझ्या घरापासून फार दूर नाही.

1945 च्या मे महिन्यात शहराला जवळच्या गढीवरून वोल्फ्सबुर्ग हे नाव मिळालं. आज इथे गॅलरीतली वीज ही साधी गोष्ट झाली आहे. 2024 च्या कायद्याने 800 वॅटपर्यंतच्या इन्व्हर्टरला सोप्या नोंदणीवर परवानगी दिली, आणि घरमालकाला भाडेकरूची मागणी सबळ कारणाशिवाय नाकारता येत नाही. माझ्या इन्व्हर्टरला बॅटरी नाही, म्हणजे ना तेजाब, ना हायड्रोजन. त्याचा शत्रू ऊन. आतले कपॅसिटर तापले की त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं, आणि गरम झाला की तो आपली वीज स्वतःच कमी करतो.

म्हणून तो पॅनेलच्या मागे, सावलीत बसवला, भिंतीपासून थोडा सुटा. केबलला खाली एक झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल, प्लगपर्यंत पोचणार नाही. अप्पांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"मागे हात घालून दाखव."

मी हात घातला. मनगटापर्यंत गेला.

"अजून दोन बोटं सोड," ते म्हणाले, आणि मी पुन्हा स्क्रू सैल करायला घेतले.