हार्लेमची एस्थर आणि आमचा पवर्ग

हार्लेमला आपण जातो ते फ्रान्स हाल्सची चित्रं पाहायला, नाहीतर सेंट बावोचा ऑर्गन ऐकायला. मला मात्र तिथे गेलं की एस्थर कोलार्ड आठवते. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या एका व्यापाऱ्याची ही मुलगी. जन्मापासून बहिरी, आणि म्हणून मुकी. तिला बोलायला शिकवलं ते डॉ. योहान कोनराड अम्मान यांनी. हे मूळचे स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनचे, पंथाने मेनोनाइट, आणि आम्स्टरडॅमला येऊन स्थायिक झालेले. म्हणजे आपल्यासारखेच बाहेरून आलेले! १६९२ साली त्यांनी आपली पद्धत लॅटिनमध्ये छापली. पुस्तकाचं नाव 'सुर्दुस लोक्वेन्स', म्हणजे 'बोलणारा बहिरा'.

त्यांची माझी ओळख झाली ती आमच्या धाकटीमुळे. २००४ साली ती तीन वर्षांची झाली तरी नीट बोलेना. तपासण्या झाल्या, दोन्ही कानांना यंत्रं लागली आणि लोगोपेडिस्टकडे फेऱ्या सुरू झाल्या. त्या बाईंनी हिचा इवलासा हात आधी स्वतःच्या गळ्यावर ठेवला, मग हिच्याच गळ्यावर. समोर आरसा. अम्मान यांचं पुस्तक पुढे माहीत झालं तेव्हा मी थक्क झाले. हात गळ्यावर, डोळे आरशात. तीनशे वर्षांपूर्वी हेच!

यातली गंमत अशी. प, ब, म म्हणताना आरशात ओठ अगदी सारखेच मिटतात. नुसतं बघून फरक कळणारच नाही. पण 'ब'ला गळ्यातल्या स्वरतंतूंचा कंप बोटांना लागतो, 'म'ला नाकही गुणगुणतं, आणि 'प'ला गळा गप्प, नुसता हवेचा फटकारा. फुफ्फुसातली हवा तीच. ती कुठे अडवली आणि तंतू थरथरले की नाही, यावर सगळा खेळ. यातलं काहीच ऐकू आलं नाही, तर जीभ-ओठ धडधाकट असूनही मूल बोलायला शिकत नाही.

तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली माझी आई म्हणाली, "अगं, हा तर आपला पवर्ग!" खरंच की. कंठापासून ओठांपर्यंत पाच वर्ग, अघोष, घोष, अनुनासिक हे सगळं प्रातिशाख्यकारांनी कधीच लावून ठेवलेलं. शाळेत आपण ते नुसतं घोकलं. आई रोज नातीला मांडीवर घेऊन आरशापुढे बसायची.

अशात एका तज्ज्ञांनी सल्ला दिला की घरात मराठी बंद करा, मुलीला एकच भाषा झेपेल. आम्ही दोघं रात्रभर जागे होतो. आईसमोर विषय काढायचा तरी कसा?

नेमकं इथेच अम्मान मला खटकतात. वाणी म्हणजे देवाने फुंकलेला प्राण, अशी त्यांची श्रद्धा होती. खुणांना त्यात मान नव्हता. त्यांचा वारसा जर्मनीत हाइनिकेंनी पुढे नेला. इथे ग्रोनिंगेनला १७९० साली हेन्री डॅनियल गुयो यांनी बहिऱ्यांची शाळा काढली ती पॅरिसहून खुणांची पद्धत शिकून येऊन. पण रॉटरडॅमची १८५३ची शाळा बोलण्याच्या बाजूची, आणि ग्रोनिंगेनही पुढे तिकडेच वळलं. १८८०च्या मिलान परिषदेत तर शिक्षकांनी खुणा शाळेतून हद्दपार करायचाच ठराव केला. तोंडाची भाषा यावी म्हणून हातांची काढून घ्यायची! डच खुणांच्या भाषेला कायद्याने मान्यता मिळायला १ जुलै २०२१ उजाडावं लागलं.

आम्ही मराठी बंद केली नाही. धाकटी दोन्ही भाषा शिकली, उशिरा पण शिकली. इथला घसा खरवडणारा 'ग' तिला माझ्यापेक्षा छान जमतो. 'ळ' मात्र अजून 'ल'कडे झुकतो. फोनवर आजी ते कधीच दुरुस्त करत नाही. मीच मध्ये तोंड घालते.