एका खोलीची ऊब

नाट्यात थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक जादा गोधडी. घासलेट आपल्याकडे कंदिलासाठी, स्टोव्हसाठी. खोली गरम करायला ते जाळावं, हे खाडीकाठच्या माणसाच्या मनात कशाला येईल?

पण रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पी अँड ओच्या बोटींवर खलाशी होते आणि पुढे त्यांतली काही कुटुंबं ब्रिटनमध्ये स्थिरावली. रंग पाहून घर नाकारणं तिथे 1968 च्या कायद्यापर्यंत चालत होतं. त्यामुळे मिळेल ती एक खोली, तीत तिघं-चौघं. गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकायचं. ते संपलं की ज्योत विझली. गावी पैसे धाडायचे तर शिलिंग जपावंच लागे. त्यात 1962-63 चा हिवाळा! इंग्लंडात 1740 नंतर एवढा थंड हिवाळा झाला नव्हता. जानेवारीचं सरासरी तापमानच शून्याखाली गेलं.

मग घासलेटचा हीटर आला. स्वस्त, उचलून कुठेही ठेवता येणारा. मात्र लिटरभर तेल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन खोलीत राहतं. भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास. हीटर कलंडला तर आग. अशा आगींमुळेच 1960 मध्ये संसदेने तेलाच्या हीटरांसाठी कायदा केला.

गोऱ्या मजुरांच्या घरीही हेच हीटर जळत होते. तरी ओलीचा दोष परक्या भाडेकरूच्या सवयींना दिला जाई, हे मला खटकतं. 1970 सालीसुद्धा निम्म्याहून अधिक ब्रिटिश घरांत सेंट्रल हीटिंग नव्हतं.