मंगलोरी कौलाचं कुळ

कोकणातलं जुनं घर पावसाआधी शाकारायला काढलं की एखादं कौल उलटं हातात येतं आणि त्याच्या पोटावरचा ठसा दिसतो. रोमन अक्षरांत कारखान्याचं नाव, गावाचं नाव आणि एक साल. साल 1865 निघालं तर घरातली मंडळी हरखतात आणि पणजोबांनी घर त्याच वर्षी बांधलं असं पाहुण्यांना सांगू लागतात. पण ते साल कारखाना सुरू झाल्याचं असतं. पुढची कित्येक दशकं निघालेल्या मालावरही तेच साल उमटत राहिलं, त्यामुळे त्यावरून घराचं वय काढण्यात अर्थ नाही. ठशातलं नाव मात्र वाचण्यासारखं आहे: बासेल मिशन. येशूची शुभवार्ता सांगायला सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसांना चिखल मळून कौलं भाजायची वेळ का आली?

बासेल हे स्वित्झर्लंडमधलं, फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेला टेकलेलं शहर. तिथे 1815 मध्ये ही मिशन संस्था निघाली. पैसा आणि कारभार बराचसा बासेलच्या सुखवस्तू घराण्यांचा; प्रत्यक्ष परदेशी जाणारे तरुण मुख्यतः दक्षिण जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गचे, शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या घरांतले. घाम गाळणं हा भक्तीचाच भाग आणि रिकामं बसणं पाप, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. 1833 च्या सनदी कायद्यानं ब्रिटिशेतर मिशनऱ्यांना कंपनी सरकारच्या मुलखात वाट मोकळी झाली आणि पुढच्याच वर्षी सॅम्युएल हेबिक, लेहनर आणि ग्राइनर असे तिघे मलबारच्या किनाऱ्यावर उतरून मंगळूरला पोचले. तिथून उत्तरेला धारवाड, हुबळी, गदग-बेटगेरी आणि दक्षिणेला कण्णूर, तलश्शेरी, कालिकत अशी त्यांची ठाणी वसली. धारवाडकडचा भाग तेव्हा मुंबई इलाख्यातला.

त्यांच्या उपदेशानं धर्म बदलला तो बहुतेक तळच्या जातींतल्या लोकांनी. तुळुनाडात बिल्लव, मलबारात तिय्या. या दोन्ही जातींतल्या पुष्कळ घरांचा धंदा माडावर चढून ताडी काढण्याचा. आता पेच असा, की दारूला हात लावायचा नाही ही मिशनची पहिली शिस्त. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी माणसाचा धंदा सुटला. घरच्यांनी आणि जातीनं वाळीत टाकलं, जमीनमालकानं कुळ म्हणून ठेवायला नकार दिला, विहिरीवर पाणी भरायची पंचाईत झाली. आधीच हातावर पोट असलेली ही कुटुंबं रस्त्यावर आली आणि बायकामुलांसह मिशनच्या अंगणात येऊन बसली. हे दारिद्र्य मिशननं निर्माण केलं नव्हतं, पण त्यातला शेवटचा धक्का धर्मांतराचा होता, आणि ही जबाबदारी मिशनला टाळता येण्यासारखी नव्हती.

आधी जे कुठलाही धर्मादाय करतो तेच झालं: तांदूळ, कपडे, थोडे पैसे. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे ‘तांदळासाठी धर्म बदलणारे’ हा टोमणा, आणि दुसरी म्हणजे युरोपातल्या देणगीदारांना प्रश्न पडू लागला की हे किती वर्षं चालणार? मिशनऱ्यांनाही फुकटचं अन्न पटत नव्हतंच. मग जमिनी घेऊन नवख्रिस्ती कुटुंबांना शेतीवर वसवून पाहिलं. कोडगूत हरमान मोग्लिंगनं होलेय समाजातल्या कुटुंबांसाठी आनंदपूर नावाची वसाहत केली. पण शेतीनं एवढ्या लोकांचं पोट भरणं जमेना. सुतारकी काढली, स्वित्झर्लंडची खूण म्हणून घड्याळजीचं कामही शिकवून पाहिलं. त्या काळच्या मंगळुरात घड्याळं होती किती आणि दुरुस्तीला येणार किती? तो प्रयोग बुडाला यात नवल नाही.

दोन गोष्टी तरल्या. एक छापखाना, मंगळूरला तो 1841 मध्ये निघाला आणि दोनच वर्षांनी मोग्लिंगचं ‘मंगळूर समाचार’ हे कन्नडमधलं पहिलं वृत्तपत्र त्याच शहरातून बाहेर पडलं. दुसरी गोष्ट विणकाम. 1851 मध्ये योहान हालर हा कसबी विणकर आला, त्यानं युरोपीय पद्धतीचे माग बसवले आणि कापडासाठी एक मातकट तपकिरी रंग तयार केला. तोच जगातला पहिला खाकी, असं मंगळूर-कण्णूरकडे अभिमानानं सांगितलं जातं. मला हा दावा ताणलेला वाटतो, कारण पंजाबात हॅरी लम्सडेनच्या ‘गाइड्स’ पलटणीनं 1840 च्या दशकातच मळखाऊ रंगाचे कपडे चढवले होते. हालरनं तो रंग पक्का आणि विकाऊ केला, एवढं श्रेय पुरेसं आहे. मुद्दा वेगळा आहे. छापखान्याला अक्षरओळख लागते आणि मागाला बोटांची सवय. माडावर चढणाऱ्या, शेतावर राबलेल्या बाप्यांना आणि त्यांच्या बायकांना हजारोंनी सामावून घेईल असं काम अजून सापडायचंच होतं.

ते सापडलं नदीच्या काठी. मंगळूरजवळ नेत्रावती आणि गुरुपुर या दोन नद्या समुद्राला मिळतात आणि त्यांच्या काठची चिकणमाती चांगली चिवट आहे. गेओर्ग प्लेब्स्ट हा छापखान्याचं काम पाहणारा, यंत्रांत रमणारा मिशनरी. त्यानं या मातीवर प्रयोग करून 1865 मध्ये जेप्पू इथे कौलांचा कारखाना उभा केला. कौल इथे नवं नव्हतं. कुंभार चाकावर नळकांडं ओढून त्याचे उभे दोन भाग करत, तीच आपली नळ्याची कौलं. ती एकावर एक उपडी-उताणी नुसती ठेवायची, त्यामुळे छपराला ओझं फार, खाली वासे दाट हवेत, आणि माकडं किंवा वारा एकदा छपरावर नाचून गेला की पाणी थेट माजघरात. वर्षाला सव्वाशे इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर हे दुखणं लहान नव्हतं. गरिबाच्या घरावर तर कौलही नव्हतं, माडाची झापं किंवा गवत. एका ठिणगीत आळी जळायची.

प्लेब्स्टनं घडवलेलं कौल चपटं होतं. कडेला खाच आणि शेजारच्या कौलाला तिच्यात बसणारी उभी कड, मागच्या बाजूला रिपेत अडकणारा खुंट. कौलं एकमेकांना धरून बसत. ही युक्ती त्याची स्वतःची नव्हे. अल्सासमधल्या आल्टकिर्श गावच्या जिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये अशा खाचेच्या कौलाचं पेटंट घेतलं होतं, आणि आल्टकिर्श बासेलपासून एका दिवसाच्या चालीवर आहे. मार्सेयची प्रसिद्ध कौलंही त्याच गोत्रातली. म्हणजे आपण ज्याला अस्सल कोकणी छप्पर समजतो, त्याचं आजोळ ऱ्हाइनकाठी निघतं!

कारखान्याचं काम असं चाले. होड्यांतून माती येई, ती भिजवून ढीग घालून मुरवत. सुरुवातीला बैल जुंपलेल्या घाणीत ती मळली जाई. 1880 च्या दशकात वाफेची यंत्रं आली. मळलेल्या मातीचे तक्ते कापून साच्यात ठेवायचे, वरून स्क्रूचा दाब द्यायचा, निघालेल्या कौलाच्या कडा तारेनं किंवा सुरीनं साफ करायच्या. मग माडीवरच्या फळ्यांवर सावलीत सुकवण. भट्टी तळमजल्याला आणि सुकवणी वर, म्हणजे भट्टीची ऊब वाया जायची नाही. या किनाऱ्यावरचे जुने कौल कारखाने असे उंच आणि आरपार हवेशीर का दिसतात याचं कारण हेच. शेवटी लाकडाच्या जाळावर भाजणं. मातीतल्या लोहामुळे लाल रंग आपसूक येतो. नीट भाजलेलं कौल बोटाच्या पेरानं वाजवलं की खणखणतं, कच्चं असेल तर बद्द आवाज करतं. यातल्या निम्म्याहून अधिक कामाला शिकाऊ उमेदवारीची गरज नव्हती. बाप्ये माती तुडवत, बायका पाट्या आणि ओली कौलं वाहत. घरातली दोन-तीन माणसं एकाच आवारात मजुरी मिळवू लागली आणि मिशनला हवं होतं ते हेच.

दया म्हणून सुरू झालेला हा व्यवहार लवकरच चोख धंदा झाला. 1859 मध्ये मिशननं निराळी व्यापारी कंपनी काढली होती. तिच्या नफ्याचा वाटा धर्मकार्याला जाई, आणि त्यावरून बासेलमध्ये वादही झडत: तेच हात पवित्र ग्रंथ उघडणार आणि तेच हिशेबाची वही? कारखान्यात दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं आणि घंटेनं, रविवारी काम बंद. माझ्या मते या योजनेची खरी अडचण धंद्यात नव्हती, एकवटलेल्या सत्तेत होती. मजुरी देणारा मिशन, राहायला जागा देणारा मिशन, मुलांची शाळा मिशनची आणि चर्चमधून काढून टाकण्याचा अधिकारही मिशनचाच. दारू पिताना सापडलेल्या कामगाराला एकाच वेळी धर्म, छप्पर आणि रोजगार या तिन्हींची धास्ती. जमीनदाराच्या तावडीतून सुटलेलं कुटुंब दुसऱ्या मायबापाच्या दारी आलं. तरी पहिल्या मायबापाकडे आठवड्याची रोख मजुरी आणि मुलीला शाळा नव्हती, हेही त्याच तराजूत घातलं पाहिजे. पुढे मागणी वाढली तसे मिशनच्या कारखान्यांत ख्रिस्ती नसलेले कामगारही आले.

मागणी खरोखर वाढली. कालिकत, मलपे, कोडक्कल, पालक्काड, फरोक अशी रांग लागून पहिल्या महायुद्धाच्या आधी मिशनचे सात कौल कारखाने झाले. सरकारी इमारती, रेल्वेची स्टेशनं आणि गोदामं यांना हे हलकं, सारख्या मापाचं कौल सोयीचं होतं. ते शिडाच्या जहाजांतून मालवण, रत्नागिरी, मुंबईला आणि समुद्रापार लंका व पूर्व आफ्रिकेपर्यंत गेलं. शिवाय ही कला मिशनच्या कुंपणात राहिलीच नाही. 1868 मध्येच आल्बुकर्क नावाच्या मंगळुरी कॅथलिक घराण्यानं नेत्रावतीकाठी आपला कारखाना काढला. कोकणी बोलणारा आणि मूळ गोव्याहून गेलेला हा समाज; प्रोटेस्टंटांनी गरिबांसाठी शोधलेला धंदा तीन वर्षांत कॅथलिक व्यापाऱ्यांनी उचलला आणि मग हिंदू मालकांनीही. मंगळूर ही कौलांची पेठ झाली ती या सगळ्यांमुळे. गरिबांना काम देण्यासाठी घडवलेली ही वस्तू बराच काळ गरिबांच्या आवाक्यात मात्र नव्हती. कोकणात मंगलोरी कौलं चढली म्हणजे घरात मुंबईची मनीऑर्डर येते, हे गाव ओळखे. आणि नळ्याची कौलं घडवणारा गावचा कुंभार? त्याच्या पोटावर या कौलानं पाय दिला. एका किनाऱ्यावरच्या कुटुंबांची चूल पेटली ती काही प्रमाणात दुसऱ्या गावच्या चुलीतली लाकडं घेऊन, आणि मिशनच्या अहवालांतल्या जमाखर्चात ही खर्चाची बाजू येण्याचं कारण नव्हतं.

1914 च्या महायुद्धानं मिशनचा धंदा मोडला. जर्मन मिशनरी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांतल्या पुष्कळांना नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत स्थानबद्ध करण्यात आलं. योगायोग पाहा, त्याच नगरात अमेरिकन मराठी मिशननं दुष्काळात पोरकी झालेल्या मुलांना हाताला काम म्हणून विणकाम शिकवायला घेतलं होतं आणि डी. सी. चर्चिल या मिशनरी इंजिनिअरनं त्यासाठी सुधारित हातमाग बनवला होता. इकडे बासेलचे कारखाने सरकारनं ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. कौलांवर तिचा ठसा उमटू लागला. गुंडर्ट आणि किट्टेल या बासेलच्याच दोघा कोशकारांचे पुतळे आज तलश्शेरीत आणि बंगळुरात उभे आहेत. प्लेब्स्टचं नाव मात्र त्याच्या कौलाखाली झोपणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

सिमेंटचे पत्रे आणि स्लॅब आल्यावर एकेक भट्टी विझत गेली. भारतीय मानक 654 मध्ये ‘मंगलोर नमुन्याच्या’ कौलाची मापं आणि कसोट्या अजून छापलेल्या आहेत, पण त्याला नवी वाट काढून दिली ती आणखी एका मिशनवाल्यानं. लॉरी बेकर हे इंग्रज क्वेकर वास्तुरचनाकार. जहाजाची वाट पाहत मुंबईत थांबले असताना त्यांची गांधीजींशी गाठ पडली, आणि 1945 मध्ये ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनकडून भारतात आले. पुढे तिरुअनंतपुरमला स्थायिक होऊन त्यांनी कमी पैशांतली घरं बांधली. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट भार पेलायला फारसं उपयोगी नसतं, ताण घेतात त्या सळया. मग तिथे महागडं काँक्रीट कशाला? बेकर सळयांच्या चौकटींत कारखान्यानं नापास केलेली मंगलोरी कौलं ठेवून वर काँक्रीट ओतत. सिमेंट वाचतं, स्लॅब हलका होतो, आणि दोन कौलं समोरासमोर ठेवली तर मधल्या हवेमुळे खोली कमी तापते. कोळी वस्त्यांपासून संशोधनसंस्थेपर्यंत त्यांनी स्वस्त बांधकामाच्या अशाच युक्त्या चालवल्या.

फक्त नापास आणि जुनी कौलं आता पूर्वीसारखी मातीमोल मिळत नाहीत. गोव्यात आणि तळकोकणात पाडलेल्या घराची कौलं मोजून, ठसा पाहून विकली जातात आणि रिसॉर्टवाले ती नव्यापेक्षा चढ्या भावानं नेतात.