गुग्गुळ व रक्तातील कोलेस्टेरॉल

गुग्गुळ या काटेरी झुडपाच्या सालीतून स्रवणारा राळयुक्त डिंक सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर सांगितला आहे. या वर्णनाच्या आधारे जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले. कोलेस्टेरॉल चारलेल्या सशांच्या रक्तातील त्याचे प्रमाण गुग्गुळाने घटते, असे त्यांच्या प्रबंधात (१९६६) दाखविले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सुख देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी या डिंकातील गुग्गुलस्टेरॉन ही संयुगे वेगळी काढली (१९७२). लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने सिद्ध केलेले ‘गुगुलिपिड’ पुढे मुंबईच्या सिप्ला कंपनीने बाजारात आणले.

या औषधाच्या क्रियेचा संबंध वसेच्या पचनाशी जोडला जातो. यकृत कोलेस्टेरॉलापासून पित्ताम्ले तयार करते. ती आतड्यात वसेचे सूक्ष्म थेंब करून पचन सुकर करतात व त्यांपैकी सु. ९५ टक्के पुन्हा शोषली जातात. कोलेस्टिरामीन हे औषध त्यांना आतड्यातच बांधून ठेवते. ही तूट भरून काढण्यास यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. मात्र मोठ्या मात्रेत वसेचे व वसाविद्राव्य जीवनसत्त्वांचे शोषण घटू शकते. गुग्गुलस्टेरॉन पित्ताम्लांच्या ग्राहीला अवरोध करते, असे अमेरिकी संशोधकांना २००२ मध्ये आढळले.

भारतातील आधीच्या चाचण्या अनुकूल होत्या. परंतु अमेरिकेत १०३ प्रौढांवर केलेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत (२००३) गुग्गुळ घेणाऱ्यांचे कमी घनतेच्या वसाप्रथिनांतील कोलेस्टेरॉल उलट ४ ते ५ टक्क्यांनी वाढले. त्यामुळे स्टॅटिन औषधांऐवजी गुग्गुळावर विसंबणे समर्थनीय ठरत नाही.